पहिला शब्द कुणाचा? शर्मन खटला आणि खबऱ्याने लावलेली फूस

1951चा ऑगस्ट सरत आला होता. अमेरिकेतल्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात दोन रुग्णांची ओळख झाली. दोघंही अमली पदार्थांचं व्यसन सुटावं म्हणून उपचार घेत होते, निदान वरवर तसं दिसत होतं. पुढे कधी त्याच दवाखान्यात, तर कधी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन दोघं ज्या औषधाच्या दुकानात जात तिथे, त्यांची गाठ पडत राहिली. सुरुवातीला नुसती विचारपूस. मग आपापले अनुभव, अडचणी, व्यसनातून सुटण्याचे प्रयत्न. एका खड्ड्यात पडलेली माणसं एकमेकांशी बोलतात तसं बोलणं.

त्यातला एक शर्मन. दुसरा सरकारी खबऱ्या.

एके दिवशी खबऱ्याने विचारलं, माल कुठे मिळेल, ठाऊक आहे का? उपचार आपल्याला लागू पडत नाहीत, फार त्रास होतोय, असं तो सांगत होता. शर्मनने विषय टाळला. खबऱ्याने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी आपल्या हालांचं गाऱ्हाणं पुढे करून. आधी नकार, मग टाळाटाळ, मग चाचरणं, आणि शेवटी होकार, असा शर्मनचा प्रवास झाला. हा क्रम त्याच्या वकिलाने रंगवलेला नाही. खुद्द खबऱ्याने साक्षीत तो असाच सांगितला, आणि पुढे सगळा खटला या साक्षीभोवती फिरला.

शर्मनने माल आणला, एकदा नाही, अनेकदा, आणि तो दोघांनी वाटून घेतला. दर वेळी तो सांगे, एकूण 25 डॉलर लागले, तुझे 15 झाले. हे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. माल निम्मा-निम्मा वाटला असं धरलं, तर खबऱ्याच्या वाट्याला साडेबारा डॉलर येतात. वरचे अडीच टॅक्सीचे आणि माल मिळवण्याच्या इतर खर्चाचे. धंदा करणारा माणूस असा हिशेब मांडत नाही. असा हिशेब वर्गणी काढून काहीतरी आणणारे मांडतात. पण कायद्याच्या भाषेत ती विक्रीच होती, आणि इतक्या वेळा 'विक्री' घडल्यावर खबऱ्याने केंद्रीय अमली पदार्थ विभागाच्या अधिकाऱ्यांना कळवलं की, तुमच्यासाठी आणखी एक विक्रेता सापडला आहे.

मग सापळा लागला. 1951च्या नोव्हेंबरमध्ये तीन वेळा अधिकाऱ्यांनी लांबून पाहिलं: शर्मन माल देतोय, खबऱ्या सरकारने पुरवलेले पैसे देतोय. तीन व्यवहार, तीनही अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. पुराव्याच्या दृष्टीने याहून सोपी केस कुठली? अडचण एवढीच की अधिकाऱ्यांनी पाहिलं ते नोव्हेंबरमधलं, आणि गुन्ह्याचं बीज पडलं ते त्याआधी, त्यांच्यापैकी कुणी हजर नसताना.

फूस म्हणजे नेमकं काय

अमेरिकी कायद्यात या बचावाला एन्ट्रॅपमेंट म्हणतात. शब्दशः पाहिलं तर सापळ्यात अडकवणं. पण मला मराठीतला 'सापळा' इथे अपुरा वाटतो. सापळा लावणं तर पोलिसांचं कामच आहे, आणि न्यायालयांनी त्याला कधी सरसकट मनाई केलेली नाही. इथे खरा शब्द आहे 'फूस'. जो गेलाच नसता त्याला नेलं, ही फूस. जो निघालाच होता त्याच्या वाटेत दबा धरून बसलं, तो सापळा.

वेश बदलून गिऱ्हाईक म्हणून जाणं, खोटं नाव सांगणं, माल विकत मागणं, हे सगळं चालतं. 'तू पोलीस आहेस का' असं थेट विचारलं तर साध्या वेशातल्या पोलिसाला खरं सांगावंच लागतं, अशी एक समजूत पसरलेली आहे. कायद्यात तिला काहीही आधार नाही. संधी देणं म्हणजे फूस नव्हे. मनधरणी, दयेला साद, मैत्रीची भीड, पुन्हा पुन्हा लावलेला तगादा, हे सुरू झालं की प्रश्न उभा राहतो. आणि ही मनधरणी सरकारच्या माणसाची असावी लागते. आपल्याच मित्राने नादी लावलं, हा बचाव होत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव पहिल्यांदा मान्य केला तो 1932मध्ये, सॉरेल्स खटल्यात. दारूबंदीचे दिवस होते. एक अधिकारी प्रवासी बनून नॉर्थ कॅरोलायनातल्या एका घरी गेला. पहिल्या महायुद्धात दोघं एकाच डिव्हिजनमध्ये होते हे निघाल्यावर जुन्या आठवणींना सुरुवात झाली, आणि गप्पांच्या ओघात तो दारू मागत राहिला. नाही-नाही म्हणत यजमानाने अखेर अर्धा गॅलन व्हिस्की आणून दिली. किंमत 5 डॉलर. जुन्या सोबत्याची भीड, दुसरं काही नाही. सरन्यायाधीश ह्यूज यांनी लिहिलं की, ज्या गुन्ह्याची कल्पनाच सरकारी अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाली आणि जो त्याने निरपराध माणसाच्या मनात रुजवला, त्याला शिक्षा देण्याचा कायदे करणाऱ्या संसदेचा हेतू असू शकत नाही.

शर्मनच्या मागे हाच एक दाखला होता.

दोन खटले, दोनदा दोषी

पहिल्या खटल्यात ज्यूरीने शर्मनला दोषी ठरवलं. 1952मध्ये सेकंड सर्किट अपील न्यायालयाने (न्यूयॉर्क भागातल्या केंद्रीय खटल्यांची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने) तो निकाल रद्द केला, कारण फूस म्हणजे काय हे ज्यूरीला समजावून सांगताना चूक झाली होती. हे निकालपत्र न्यायाधीश लर्नेड हँड यांचं. त्यांनी सगळा गुंता दोन प्रश्नांवर आणला. सरकारच्या माणसाने आरोपीला गुन्ह्याला प्रवृत्त केलं का? केलं असेल, तर आरोपी मुळातच तयार होता का, नुसत्या संधीची वाट पाहत होता का? पहिली गोष्ट आरोपीने दाखवायची, दुसरी सरकारने. तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकेतल्या केंद्रीय न्यायालयांत वाद बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावरच होतो.

दुसऱ्या खटल्यात सरकार तयारीने आलं. शर्मनचा जुना इतिहास काढला: 1942मध्ये अमली पदार्थ विकल्याबद्दल शिक्षा, 1946मध्ये जवळ बाळगल्याबद्दल. एरवी आरोपीचे जुने गुन्हे ज्यूरीपुढे सहजासहजी ठेवता येत नाहीत, कारण ते ऐकल्यावर ज्यूरी आजचा गुन्हा तपासण्याऐवजी माणूसच तोलायला लागते. पण 'मला फूस लावली' असं म्हणताच 'तुझा मूळचा कल काय होता' हा प्रश्न रास्त ठरतो आणि ते कपाट उघडतं. या बचावाची खरी किंमत ही. ज्याचा भूतकाळ स्वच्छ त्याला तो परवडतो. ज्याच्या दुबळेपणावर खबऱ्यांचं पोट चालतं, त्या सुटू पाहणाऱ्या जुन्या व्यसनीला मात्र तो महागात पडतो.

ज्यूरीने पुन्हा दोषी ठरवलं. दहा वर्षांची कैद. 1957मध्ये त्याच अपील न्यायालयाने या वेळी निकाल कायम केला.

शर्मनच्या बाजूने या खटल्यात फार काही मांडलं गेलं नव्हतं. बचाव पक्षाने सरकारच्याच साक्षीदाराला, म्हणजे खबऱ्याला, पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. त्याखेरीज एकही साक्षीदार नाही. वकिलाने हे डावपेच म्हणून केलं की नाइलाजाने, कोण जाणे. पण सर्वोच्च न्यायालयात हीच गोष्ट सर्वांत कामाची ठरली.

19 मे 1958

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्यापुढे पहिली अडचण अशी होती की, ज्यूरीने दोनदा दोषी ठरवलेलं असताना वस्तुस्थितीत हात कसा घालायचा? कोणता साक्षीदार खरा, कोणता खोटा, हे ठरवणं वरच्या न्यायालयाचं काम नव्हे. वॉरन यांनी सांगितलं, आम्ही तशी निवड करतच नाही आहोत. आम्ही सरकारच्या साक्षीदारांनी सांगितलेलं, कुणीही न खोडलेलं तेवढंच घेतो, आणि तेवढ्यावरच फूस सिद्ध होते. हा माणूस बरा होण्यासाठी उपचार घेतोय असं समजत असूनही त्याला माल आणायला राजी केलं, हे खबऱ्याने शपथेवर सांगितलं होतं.

मग सरकारची एकेक बाजू कोसळत गेली. शर्मनचा सुरुवातीचा नकार म्हणजे मुरलेल्या गुन्हेगाराची सावधगिरी, असा सरकारचा युक्तिवाद होता. असेलही, पण मग मुरलेपणाचा दुसरा काही पुरावा? अटकेनंतर घराची झडती घेतली, माल सापडला नाही. नफा कमावल्याचा लक्षणीय पुरावा नाही. तो या धंद्यात होता असं दाखवणारं काही नाही. नऊ वर्षांपूर्वीची विक्रीची शिक्षा आणि पाच वर्षांपूर्वीची बाळगल्याची शिक्षा यांवरून 1951मध्ये, व्यसन सोडायची धडपड सुरू असताना, तो विकायला टपलेला होता असं म्हणता येत नाही. नोव्हेंबरमधले तीन व्यवहार आधीच्या अनेक विक्रींनंतर झाले, या मुद्द्यालाही न्यायालयाने किंमत दिली नाही. ते स्वतंत्र गुन्हे नव्हते, त्याच फुसलावणीची ती पुढची टोकं होती.

सरकारने आणखी एक हात झटकून पाहिला: खबऱ्याला आम्ही पैसे देत नव्हतो, त्याने काय केलं त्याला आम्ही जबाबदार कसे? निकालाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पगार नव्हता हे खरं. पण त्याच सुमारास या माणसाने आणखी किमान दोन खटले उभे करून दिले होते. आणि 1951मध्ये त्याच्या स्वतःच्या डोक्यावर अमली पदार्थ विकल्याचा आरोप होता, शिक्षा अजून सुनावली जायची होती. 1952मध्ये सरकारी वकिलाने न्यायाधीशांना सांगितलं की याने सरकारला सहकार्य केलं आहे, आणि त्याची शिक्षा स्थगित झाली. पगारापेक्षा मोठा मोबदला तो आणखी कोणता? ज्याची सुटका नवे गुन्हेगार आणून देण्यावर अवलंबून आहे, तो गुन्हेगार शोधतो की घडवतो, याची काळजी सरकारने घ्यायला हवी होती.

ती घेतली का? तपास अधिकाऱ्याने साक्षीत कबूल केलं की, तू या माणसापर्यंत कसा पोहोचलास, हे त्याने खबऱ्याला कधी विचारलंच नाही.

या कबुलीपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. अधिकारी खोटं बोलला नाही, त्याने पुरावा बनवला नाही, कुणाला मारहाण केली नाही. त्याने फक्त विचारलं नाही. विचारलं असतं तर दवाखाना समोर आला असता, नकार समोर आले असते, आणि मग नोव्हेंबरच्या तीन रेखीव व्यवहारांची शोभा गेली असती. माहिती नसणं ही इथे सोय होती. वॉरन यांनी ती सोय काढून घेतली: खबऱ्याला असा वापरायचा आणि मग आम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून अंग काढून घ्यायचं, हे चालणार नाही. बेसावध निरपराधासाठी लावलेला सापळा वेगळा आणि बेसावध गुन्हेगारासाठी लावलेला वेगळा, ही त्या निकालातली रेघ आजही पाठ म्हणावी तशी उद्धृत होते.

शिक्षा रद्द करण्यावर नऊही न्यायाधीशांचं एकमत होतं. का रद्द करायची, यावर नव्हतं.

फ्रँकफर्टर यांची तक्रार

न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं. डग्लस, हार्लन आणि ब्रेनन त्यांच्यासोबत होते. संसदेचा तसा हेतू नव्हता, हा आधार त्यांना निव्वळ कल्पित वाटला. संसदेने कायदा करताना खबऱ्यांचा विचारही केला नसणार. आरोपीची वृत्ती कशी होती हा प्रश्नच चुकीचा आहे, प्रश्न पोलिसांनी काय केलं हा आहे, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांना काय करण्याची मुभा आहे, हे समोरचा माणूस कोण आहे यावरून बदलू नये. आणि हा निवाडा ज्यूरीने नव्हे, न्यायाधीशाने करावा.

शर्मनपुरतं दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं, म्हणून हा वाद तात्त्विक वाटू शकतो. पण तपशील थोडा हलवून पाहा. समजा शर्मनची जुनी शिक्षा नऊ वर्षांपूर्वीची नसून एक वर्षापूर्वीची असती. बाकी सगळं तेच: तोच दवाखाना, तीच गाऱ्हाणी, तोच तगादा. वॉरन यांच्या कसोटीवर तो बहुधा तुरुंगात गेला असता. खबऱ्याचं वागणं तसूभर न बदलता ते एकाच्या बाबतीत फूस ठरतं आणि दुसऱ्याच्या बाबतीत कायदेशीर कारवाई. फ्रँकफर्टर यांचं बोट नेमकं याच जागेवर होतं, आणि या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा आहे, जरी त्यांच्या कसोटीने एखादा पक्का विक्रेता पोलिसांच्या आगाऊपणामुळे सुटू शकतो हे मला दिसत असलं तरी.

त्यांची बाजू केंद्रीय न्यायालयांत हरली. 1973च्या रसेल खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी वॉरन यांचीच वाट कायम झाली. त्या प्रकरणात सरकारी माणसाने अमली पदार्थ बनवायला लागणारं दुर्मिळ रसायन स्वतः पुरवलं होतं, तरी आरोपी आधीपासून तयार होता म्हणून शिक्षा टिकली. राज्यांमध्ये मात्र चित्र एकसारखं नाही. कॅलिफोर्नियाने 1979मध्ये पोलिसांच्या वागण्यावर बोट ठेवणारी कसोटी स्वीकारली.

त्याच दिवशीचा दुसरा निकाल

शर्मन सुटला त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने याच बचावाचा आणखी एक खटला निकाली काढला, मासियाले नावाचा. तोही सेकंड सर्किटमधून आलेला, तोही अमली पदार्थांचा. तिथेही आरोपीचं म्हणणं हेच होतं की, सहज मिळणाऱ्या पैशाचं आमिष दाखवून खबऱ्या आपल्या मागे लागला होता. शिक्षा कायम झाली, पाच विरुद्ध चार.

फरक कुठे पडला? मासियालेमध्ये ती मनधरणी सांगणारा एकटा आरोपी होता. ज्यूरीला त्याच्यावर विश्वास न ठेवण्याची मोकळीक होती, आणि तिने ठेवला नाही. शर्मनमध्ये तीच गोष्ट खबऱ्याच्या तोंडून आली होती. एका खबऱ्याने साक्षीत प्रामाणिकपणा दाखवला, म्हणून एक माणूस सुटला. तोच खबऱ्या 'मी एकदाच विचारलं आणि तो लगेच हो म्हणाला' असं सांगता, तर वॉरन यांच्या हाती काय उरलं असतं? कागदावर तर तीन व्यवहार होते आणि जुन्या दोन शिक्षा.

ध्वनिमुद्रण आल्यावर हा प्रश्न सुटेल असं वाटलं असेल. सुटला नाही. 2009मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग गावच्या चार जणांना ब्राँक्समधल्या प्रार्थनास्थळांवर हल्ल्याचा कट केल्याबद्दल अटक झाली. बॉम्ब नकली होते, सरकारनेच पुरवलेले. खबऱ्याने मुख्य आरोपीला अडीच लाख डॉलरचं आमिष दाखवलं होतं. कित्येक तासांचं संभाषण ध्वनिमुद्रित होतं, पण खबऱ्याच्या आणि त्याच्या सुरुवातीच्या भेटींचं नव्हतं. 2013मध्ये त्याच सेकंड सर्किटने दोन विरुद्ध एक मतांनी शिक्षा कायम ठेवल्या. मुद्रणयंत्र कधी सुरू करायचं, हे सरकारी पक्षच ठरवतो.

1992च्या जेकबसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निदान वेळेची रेघ स्पष्ट केली. त्यात सरकारी खात्यांनी बनावट संस्थांच्या आणि पत्रमित्राच्या नावाने एका माणसाला तब्बल 26 महिने टपाल पाठवलं होतं, आणि अखेर त्याने बंदी असलेलं साहित्य मागवलं. आरोपीचा कल सरकारने पहिल्यांदा संपर्क साधण्याआधीपासून होता, हे सरकारने संशयातीत सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. सव्वीस महिन्यांनंतर दिसलेली तयारी ही त्या सव्वीस महिन्यांनीच घडवलेली असू शकते. शर्मनच्या बाबतीत हा काळ ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर एवढाच होता. तेवढाही पुरला.

सर्वोच्च न्यायालयाने शर्मनचं प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं ते आरोपपत्रच रद्द करा असा आदेश देऊन. तिसरा खटला झाला नाही. खबऱ्याचं प्रकरण मिटून तोवर सहा वर्षं होत आली होती. आणि निकालपत्रात वॉरन यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, जी कुठल्याच आदेशाने परत फिरवता येण्यासारखी नव्हती: खबऱ्याने या माणसाकडून नुसता मालाचा ठिकाणा मिळवला नाही, त्याला पुन्हा व्यसनाकडे वळवलं.